पैसे परस्पर कापले जातायत? नुसतं कार्ड ब्लॉक करून भागत नाही

पासबुक भरून आणलं की बहुतेक जण शेवटची शिल्लक बघतात आणि पासबुक कपाटात ठेवून देतात. मधल्या ओळी वाचायच्या राहतात. त्याच ओळींत कधी ४३६ रुपये गेलेले असतात, कधी ४९९, कधी ५९०. लक्षात आलं की पहिली धाव एकाच गोष्टीकडे असते: एटीएम कार्ड ब्लॉक करा! पुढच्या महिन्यात त्याच तारखेला तेवढेच पैसे पुन्हा जातात आणि मग ‘बँकेतलंच कुणीतरी सामील असणार’ इथपर्यंत गोष्ट पोहोचते.

कार्ड बंद केलं की फक्त कार्डावरून जाणारे पैसे थांबतात. खात्यातून पैसे जायच्या वाटा आता चार-पाच आहेत आणि प्रत्येक वाटेवरचा बंदोबस्त वेगळा आहे. शिवाय बऱ्याचदा ती वाट आपणच सही करून किंवा पिन टाकून मोकळी केलेली असते. म्हणून आधी नोंद वाचायची. एनएसीएच (यालाच नॅच म्हणतात) किंवा एसीएच असं लिहिलेलं असेल तर कुठल्या तरी कंपनीकडे तुमचं मँडेट, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे घ्यायची तुम्ही दिलेली परवानगी आहे. यूपीआय मँडेट किंवा ऑटोपे असेल तर मोबाइलवरच्या ॲपमधून दिलेली परवानगी आहे. एईपीएस, म्हणजे आधारवर चालणारी पेमेंटची सोय असेल तर अंगठ्याच्या ठशावर पैसे निघालेत. पीओएस (दुकानातलं कार्ड मशीन) किंवा ईकॉम (ऑनलाइन खरेदी) असेल तर तो कार्डाचा मामला. नोंद कळत नसेल तर काउंटरवर बोट ठेवून विचारा, ‘हे पैसे कुणाला गेले आणि कशाच्या आधारावर?’ नुसतं ‘पैसे गेले’ म्हणून सांगितलं की नुसतंच ‘बघतो’ असं उत्तर मिळतं.

कोऱ्या मँडेट फॉर्मवर सही

सगळ्यात महाग पडते ती ही चूक. मोबाइल हप्त्यावर घेताना, दुचाकीचं कर्ज काढताना किंवा म्युच्युअल फंडाची एसआयपी सुरू करताना एक आडवा फॉर्म पुढे येतो. एजंट म्हणतो, ‘इथे, इथे आणि इथे सही करा, बाकीचं मी भरतो.’ नॅच मँडेट म्हणतात ते हेच.

त्यावर तीन जागा बघायच्या. पहिली, रक्कम ठरावीक आहे की कमाल. हप्ता ४,३५० रुपयांचा असतो आणि कमाल रकमेच्या चौकटीत ५०,००० लिहिलेलं असतं. दुसरी, पैसे कधी घेणार: दर महिन्याला, तिमाहीला, की ‘जेव्हा सादर होईल तेव्हा’. तिसरी, मुदत कधीपर्यंत. जुन्या फॉर्मांवर तारखेऐवजी ‘रद्द करेपर्यंत’ अशी खूण करायची सोय होती आणि एजंट नेमकी तिथेच खूण करायचे. कमाल रक्कम ५०,०००, सादर होईल तेव्हा, रद्द करेपर्यंत, अशी तिन्ही उत्तरं एकाच फॉर्मवर जमली की तुम्ही हप्त्याची नाही, खात्याचीच परवानगी दिलेली असते. कमाल रक्कम हप्त्यापेक्षा थोडी जास्त ठेवतात त्याला कारण असतं, पण दहापट कशाला, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. भरलेल्या फॉर्मचा फोटो काढून ठेवा. सोबत कॅन्सल चेक मागतात, त्यावर सही करायची गरज नसते. दोन रेघा मारून ‘कॅन्सल्ड’ लिहिलं की पुरे.

कर्ज फिटल्यावर लोक एनओसी, म्हणजे देणं फिटल्याचा दाखला घेतात आणि मोकळे होतात. मँडेट मात्र जिवंतच राहू शकतं. एनओसी आणि मँडेट रद्द करणं ही दोन वेगळी कामं आहेत. प्रत्येक मँडेटला यूएमआरएन नावाचा २० अक्षरी क्रमांक असतो. तो नेट बँकिंगमध्ये मँडेटच्या यादीत दिसतो, नाहीतर शाखेतून मिळतो. तो लिहून मँडेट रद्द करण्याचा अर्ज आपल्याच बँकेत द्यायचा. काही शाखांत ‘आधी कंपनीचं पत्र आणा’ म्हणून परत पाठवतात. तिथून हलू नका. चेकचं पेमेंट थांबवताना समोरच्याची परवानगी लागत नाही, तशीच ही तुमची स्वतःच्या बँकेला दिलेली सूचना आहे. आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. पोच नसेल तर तो अर्ज दिलाच नव्हता असं समजा.

ॲप काढून टाकलं म्हणजे सुटलो

‘१ रुपयात ७ दिवसांची ट्रायल’ अशा जाहिराती सगळ्यांनी पाहिल्या असतील. तो रुपया भरताना यूपीआयच्या पडद्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: दर महिना, अमुक रकमेपर्यंत, अमुक सालापर्यंत. आपलं लक्ष ‘१’ या आकड्यावर असतं. पिन टाकला की ऑटोपे सुरू. आठ दिवसांनी ॲप आवडलं नाही म्हणून फोनमधून काढलं, तरी मँडेट बँकेकडे नोंदलेलं असतं आणि ते चालूच राहतं. ॲप उडवणं आणि परवानगी काढून घेणं यांचा काही संबंध नाही.

बरं, पैसे जाण्याआधी सूचना येते. कार्डावरच्या आवर्ती, म्हणजे ठरावीक काळाने आपोआप होणाऱ्या वजावटींसाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार किमान २४ तास आधी कळवावं लागतं, ऑटोपेचाही आधी मेसेज येतो. पण लग्नाच्या साड्यांच्या सेलच्या मेसेजांमध्ये तो कुठे बघणार? १५,००० रुपयांपर्यंतच्या आवर्ती वजावटींना दर वेळी ओटीपी किंवा पिन लागत नाही, हेही ध्यानात असू द्या. आपल्या यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ असा विभाग असतो, तिथून नको असलेलं रद्द होतं. दोन-तीन यूपीआय ॲप वापरत असाल तर प्रत्येकात जाऊन बघा.

४३६ आणि २० रुपये

मे महिन्याच्या अखेरीस ४३६ आणि २० रुपये गेले असतील तर घाबरू नका. ते अनुक्रमे पंतप्रधान जीवनज्योती आणि सुरक्षा विमा योजनांचे वर्षाचे हप्ते आहेत. योजना वाईट नाहीत, उलट पैशांच्या मानाने दोन लाखांचं संरक्षण बरंच आहे. पण सही न घेता नावं घातल्याच्या तक्रारीही अनेकांनी केल्या आहेत. ‘माझ्या संमतीचा फॉर्म दाखवा’ एवढंच विचारा. विमा नको असेल तर ऑटो डेबिट बंद करण्याचा लेखी अर्ज द्या. हवा असेल तर वारसाचं नाव बरोबर लागलंय का बघून घ्या आणि घरच्यांना सांगून ठेवा.

अंगठ्याची वाट उघडी

एईपीएसमध्ये आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि ठसा एवढ्यावर पैसे निघतात. ओटीपी येत नाही. खेड्यापाड्यातल्या ज्येष्ठांना ही सोय उपयोगाचीच आहे. पण नोंदणी दस्तांवरचे ठसे उचलून त्यांच्या नकला बनवल्याची प्रकरणं काही राज्यांत पोलिसांनी पकडली आहेत. ठशावर पैसे काढायची गरज नसेल तर एमआधार ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. लागेल तेव्हा उघडता येतं.

हप्ता जाऊ नये म्हणून खातं रिकामं ठेवणं

हा उपाय फार सुचवला जातो आणि तो वाईट आहे. शिल्लक नसली की मँडेट परत जातं आणि बँक दंड लावते. ५०० रुपयांचा दंड असेल तर १८ टक्के जीएसटी धरून ५९० होतात. कंपनीने महिन्यात दोनदा मँडेट सादर केलं तर दंडही दोनदा. पगार जमा झाला की आधी ते कापले जातात. कर्ज खरं असेल तर शिल्लक नसल्याने हप्ता परत जाणं हा २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टीम्स कायद्याच्या कलम २५ खाली गुन्हाही ठरू शकतो, चेक बाउन्ससारखाच. वसुलीवर आक्षेप असेल तर कंपनीला लेखी कळवून मँडेट रद्द करा. मात्र मँडेट रद्द झालं म्हणून देणं संपत नाही, ते दुसऱ्या मार्गाने भरावं लागतंच.

‘सोमवारी शाखेत जाऊन बघू’

आपण परवानगी दिलीच नव्हती आणि पैसे गेले, तर मात्र घड्याळ सुरू झालं. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही अशा व्यवहाराची तक्रार ३ कामकाजाच्या दिवसांत केली तर तुमची जबाबदारी शून्य. ४ ते ७ कामकाजाच्या दिवसांत केली तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंत तोशीस. त्यापुढे बँकेचं धोरण. बँकेकडून सूचना मिळाल्याचा दिवस यात धरत नाहीत. चूक बँकेची असेल तर ही मुदत आड येत नाही. सहकारी बँकांसाठीही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये असेच नियम आले. पिन किंवा ओटीपी तुम्हीच कुणाला सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे लाजेपोटी दोन दिवस गप्प बसणं हे सगळ्यात तोट्याचं.

बँकेचा नंबर गूगलवर शोधू नका. तिथे भामट्यांनी टाकलेले नंबर सापडतात आणि तोच माणूस ‘रिफंड’साठी पिन टाकायला लावतो. नंबर कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर असतो. फसवणूक असेल तर सोबत १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत गोठवता येतात ते याच मार्गाने. विसरलेल्या सबस्क्रिप्शनसाठी मात्र १९३० ला त्रास देऊ नका.

तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. नियमानुसार बँकेने वादातली रक्कम १० कामकाजाच्या दिवसांत तात्पुरती खात्यात जमा करायची असते, निकाल ९० दिवसांत लावायचा असतो आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर असते. हे वाक्य अर्जात जसंच्या तसं लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, माहितीसाठी १४४४८. त्याला फी नाही आणि वकीलही लागत नाही. तिथे ती शिक्क्याची पोच आणि तक्रार क्रमांक दोन्ही जोडा.