चित्रपटातला अभिनय आणि गोष्ट कशी पारखावी

चित्रपट पाहून बाहेर पडताना ‘काम भारी केलंय’ किंवा ‘गोष्टीत दम नाही’ असं कुणीही म्हणतं, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. अडतं ते पुढच्या प्रश्नाला: कुठे? पारख करायची तर बोट ठेवता आलं पाहिजे. अमुक मिनिटाला, अमुक वाक्यावर नटानं हे केलं आणि प्रसंग उभा राहिला, किंवा कोसळला. त्यासाठी चित्रपटशास्त्र शिकावं लागत नाही. मोजके तीन प्रसंग निवडून ते वेगवेगळ्या रीतीनं पुन्हा पाहावे लागतात. चित्रपटाची स्वतःची लांबी सोडली तर वर साधारण दीड तास जातो.

आधी एकदा नुसता पाहा

पहिल्यांदा वही उघडायची नाही. सलग पाहा, शक्य तेवढ्या मोठ्या पडद्यावर. फोनवर दूरच्या शॉटमध्ये नटाचा चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा दिसतो, मग डोळ्यांतलं काय कळणार? दीडपट वेगानं तर अजिबात पाहू नका. दोन वाक्यांमधला थांबा हा अभिनयाचा अर्धा भाग असतो आणि वेग वाढवला की आधी तोच मरतो. परीक्षणंही नंतर वाचा.

चित्रपट संपल्यावर दहा मिनिटांत एवढंच लिहा: डोळ्यांसमोर राहिलेले तीन क्षण, लक्ष उडालं अशी एक जागा, आणि दोन वाक्यांत गोष्ट. गोष्ट लिहिताना घटना सांगत बसू नका. कुणाला काय हवं होतं आणि आडवं काय आलं, एवढंच लिहा. हे लिहिता आलं नाही तर लगेच लेखकाला दोष देऊ नका, पण त्या जागी खूण करून ठेवा.

तीन प्रसंग निवडा

प्रत्येकी तीन ते पाच मिनिटांचे. पहिला, दोन माणसं बोलताहेत आणि त्यांच्यात काहीतरी पणाला लागलंय असा. दुसरा, एखादं पात्र एकटं आहे आणि काही काम करतंय असा. तिसरा, ज्या प्रसंगाला डोळ्यांत पाणी आलं किंवा थिएटरात टाळ्या पडल्या असा. तिसरा सगळ्यात शेवटी तपासा, कारण फसगत तिथेच जास्त होते.

आवाज बंद करून पाहा

सगळ्यात जास्त शिकवणारी पायरी हीच. आवाज पूर्ण बंद करा आणि बोलणाऱ्याकडे पाहू नका. ऐकणाऱ्याकडे पाहा. कमकुवत नट समोरच्याचं वाक्य संपायची वाट पाहतो. त्याचे डोळे स्थिर होतात, मान ठरलेल्या लयीत हलते आणि स्वतःचं वाक्य येण्याच्या क्षणभर आधी तोंड तयार होतं. चांगल्या नटाच्या चेहऱ्यावर वाक्याच्या मध्येच काहीतरी घडतं, कारण माणसाला बोचणारा शब्द वाक्याच्या शेवटीच येईल असं नसतं. कोणत्या शब्दावर तो हलला हे नंतर आवाज लावून ताडून पाहा. जागा जुळली तर तो खरोखर ऐकत होता.

मग हात पाहा. भाकरी थापणारी, शिवणयंत्र चालवणारी, नोटा मोजणारी बाई रोज ते काम करणारी असेल तर तिची नजर सतत हाताकडे जात नाही. हात काम करतात, डोळे बोलतात. नट हाताकडे बघूनच काम करत असेल, किंवा वाक्य आलं की हात थांबत असतील, तर ते काम त्याच्या अंगात मुरलेलं नाही. रिकामा कप तोंडाला लावणं, हलकी बॅग ‘जड’ उचलणं हेही इथेच उघडं पडतं: वजन खांद्यात आणि कमरेत दिसायला हवं, नुसत्या कपाळावरच्या आठ्यांत नाही.

आवाजाशिवाय दोघांमध्ये कोण वरचढ आहे आणि ते पारडं कुठल्या क्षणी फिरलं, हे सांगता येतंय का? येत असेल तर नट आणि दिग्दर्शक दोघांचंही काम चोख आहे.

आता डोळे मिटून ऐका

तोच प्रसंग, हेडफोन लावून. पहिल्यांदा बोली तपासा. आपल्या चित्रपटांत ‘गावाकडची भाषा’ म्हणून बऱ्याचदा अशी खिचडी येते जी कुठल्याच गावात बोलत नाहीत. वऱ्हाडात ‘मले, तुले’, मालवणीत ‘माका, तुका’, नागपुराकडे ‘येऊन राहिला’, कोल्हापुरात बाईही ‘मी आलो’ म्हणते. पात्र एका मुलखाचं असेल तर हे रूप चित्रपटभर टिकायला हवं. साध्या बोलण्यात ते टिकतं. खरी कसोटी रागाच्या आणि रडण्याच्या वाक्यांना लागते, कारण नटाचं लक्ष भावनेकडे गेलं की बोली निसटते आणि खालची प्रमाण मराठी वर येते.

दुसरं, श्वास. धावत आलेल्या माणसाचं वाक्य तुटायला हवं. आपल्याकडे संवाद पुष्कळदा नंतर स्टुडिओत डब होतात, आणि तेव्हा नट खुर्चीवर किंवा माईकपुढे उभा असतो. डबिंग चांगलं असेल तर कळतही नाही. वाईट असेल तर शेतातलं बोलणं बंद खोलीतल्यासारखं घुमतं. हा दोष नटाच्या खाती मांडण्याआधी दोनदा विचार करा, तो ध्वनिविभागाचाही असू शकतो.

श्रेय कुणाचं, हे वेगळं करा

रशियन दिग्दर्शक लेव कुलेशॉव्ह यांचा शंभरेक वर्षांपूर्वीचा एक प्रयोग चित्रपटाच्या प्रत्येक वर्गात सांगितला जातो. इवान मोझुखिन या नटाचा एकच निर्विकार क्लोजअप, म्हणजे जवळून टिपलेला चेहरा, त्यांनी आळीपाळीनं सूपची वाटी, शवपेटी आणि एक स्त्री यांच्या दृश्यांना जोडला. पाहणाऱ्यांनी नटाच्या चेहऱ्यावर भूक, दुःख, अभिलाषा वाचली, असं सांगतात. चेहरा मात्र तोच होता. म्हणजे ‘काय डोळ्यांनी बोललाय!’ असं आपण म्हणतो तेव्हा कधीकधी संकलक (दृश्यांचे तुकडे जोडणारा) बोललेला असतो.

म्हणून निवडलेल्या प्रसंगातलं एक मिनिट घ्या आणि कट, म्हणजे एक शॉट तुटून दुसरा सुरू होतो त्या जागा, मोजा. दर दोन-तीन सेकंदांना कट असेल, तर नटाचे तुकडे जोडून भाव तयार केलेला असू शकतो. मिनिटभर एकच शॉट असेल, तर जे दिसतंय ते नटानं सलग पेललंय. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ यासाठी उत्तम अभ्यास आहे. कॅमेरा दूर, स्थिर, शॉट लांब. गीतांजली कुलकर्णी यांची सरकारी वकील न्यायालयात कायद्याची कलमं सपाट आवाजात वाचत जाते, आणि नंतर तीच बाई लोकलनं घरी जाते, मुलाला घेते, स्वयंपाकाला लागते. क्लोजअपची, संगीताची मदत जवळजवळ नाही. आवाजाची पट्टी आणि शरीराचा थकवा एवढ्यावर माणूस उभा राहतो. आणि ती खलनायिका नाही हे आपल्याला कुणी न सांगता कळतं.

संगीताची परीक्षा सोपी आहे. तिसरा, डोळ्यांत पाणी आणणारा प्रसंग आवाज बंद करून पाहा. भाव अर्ध्यावर आला तर बाकीच्या अर्ध्यात, संवाद वगळता, संगीतकाराचा वाटा असू शकतो.

रडणं म्हणजे अभिनय नव्हे

नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितलेत: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. शरीर, वाणी, वेशभूषा-रंगभूषा, आणि आतून उमटणारा भाव. पडद्यावरचं काम तपासायला ही चौकट आजही पुरते. बहुतेक कौतुक आहार्यावर खर्च होतं: वजन वाढवलं, टक्कल केलं, चार तास मेकअपला बसला. मेहनत खरी असेल, पण ती अभिनयाची पूर्वतयारी झाली. सात्त्विकाच्या यादीत अश्रू आठांपैकी एक आहेत. स्तंभ, घाम, रोमांच, आवाज फाटणं, कंप, चेहऱ्याचा रंग उडणं आणि भान हरपणं हे बाकीचे सात. डोळ्यांत पाणी थोपवून धरणारा नट पुष्कळदा ओक्साबोक्शी रडणाऱ्यापेक्षा कठीण काम करत असतो, कारण त्याला दोन गोष्टी एकाच वेळी करायच्या असतात: भाव येऊ द्यायचा आणि लपवायचाही.

अजून एक तपासणी, जिच्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. चित्रीकरण सहसा गोष्टीच्या क्रमानं होत नाही. एका वाड्यातले सगळे प्रसंग, पहिल्या भेटीपासून शेवटच्या भांडणापर्यंत, लागोपाठच्या दिवसांत उरकले जातात. त्यामुळे सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा असे एकाच पात्राचे तीन प्रसंग पाठोपाठ लावून पाहा. लंगडणारा पाय तोच आहे का? वय वाढलं तर फक्त केस पिकले, की उठण्या-बसण्याची गतीही बदलली? आवाजाचा कस तोच राहिला का? हा धागा टिकवणं हे फार अवघड काम आहे, आणि तो टिकला की कुणाला जाणवतसुद्धा नाही.

लहान मुलं आणि नवखे कलाकार यांच्याबाबत वेगळा निकष लावा. ते सहज वाटतात हे खरं, पण तो सहजपणा कथेच्या वळणावरही टिकतो का, हे पाहा.

गोष्ट: चिठ्ठ्या आणि तीन शब्द

आता वही. चित्रपटातले मुख्य पंधरा ते वीस प्रसंग एकेका चिठ्ठीवर, एकेका ओळीत लिहा. चिठ्ठ्या ओळीनं मांडा आणि दोन चिठ्ठ्यांच्या मध्ये तीनपैकी एक शब्द ठेवा: ‘म्हणून’, ‘पण’ किंवा ‘नंतर’. ‘म्हणून’ म्हणजे आधीच्या प्रसंगानं पुढचा घडवला. ‘पण’ म्हणजे पात्राला हवं ते घडता घडता अडलं. ‘नंतर’ म्हणजे नुसता काळ सरकला. लागोपाठ तीन ‘नंतर’ आले की तुमचं लक्ष उडालं होतं ती जागा बहुधा तिथेच सापडते. कंटाळा वेगाच्या अभावानं येतो असा समज आहे, पण खरं कारण बहुतेकदा कार्यकारणाचा तुटलेला दोर असतं. मारामारीच्या चित्रपटातही झोप येते ती त्यामुळेच.

योगायोगासाठी एक नियम पुरेसा आहे. योगायोगानं संकट आलं तर चालतं, योगायोगानं संकट टळलं तर लेखकानं पळवाट काढली.

मग प्रश्न शोधा. प्रत्येक घट्ट गोष्टीत प्रेक्षकाला धरून ठेवणारा एक प्रश्न असतो. विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या, जब्बार पटेलांच्या ‘सामना’त तो उघडच विचारलाय: ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ श्रीराम लागूंचा मास्तर हा प्रश्न विचारत राहतो आणि निळू फुल्यांच्या हिंदुराव धोंडे पाटलाची पकड दर वेळी थोडी सैल होते. तुमच्या चित्रपटातला प्रश्न कितव्या मिनिटाला उभा राहिला, ते लिहा. पाऊण तास झाला तरी तो सापडत नसेल, तर लेखकानं जाणूनबुजून उशीर केलाय का, याचं उत्तर शोधा.

कुणाला काय माहीत आहे, हेही मांडून बघा. ‘श्वास’मध्ये शस्त्रक्रियेनंतर नातवाची दृष्टी जाणार हे आजोबांना आणि आपल्याला कळतं, तेव्हा मुलाला त्याची कल्पना नसते. त्यानंतर मुलानं साधं काही पाहिलं, तरी आपल्या पोटात कालवतं. चित्रपटातला बराच ताण माहितीच्या या फरकावर उभा आहे.

माहिती देण्याची पद्धत हा नवशिक्या लेखनाचा हमखास पकडला जाणारा दोष. ‘ताई, बाबांना जाऊन आता पाच वर्षं झाली’ असं भाऊ बहिणीला का सांगेल? तिला ते ठाऊकच आहे. हे वाक्य आपल्यासाठी आहे. याच्या उलट, ‘फॅन्ड्री’त डुक्कर पकडण्याची धावपळ ऐन भरात असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं, जब्या या मुलाच्या घरची माणसं जागच्या जागी उभी राहतात आणि डुक्कर निसटतं. कुणीही काही बोलत नाही, पण त्या एका मिनिटात जे सांगून होतं ते भाषणात मावलं नसतं.

शेवट तपासताना मागे जा. शेवटची घटना कुठे पेरली होती? ‘फॅन्ड्री’च्या शेवटी जब्यानं फेकलेला दगड थेट आपल्या अंगावर येतो. सुरुवातीपासून त्याच्या हातात गलोल आहे, फक्त तेव्हा नेम काळ्या चिमणीवर असतो. शेवट अनपेक्षित वाटावा आणि मागे वळून पाहिल्यावर दुसरा कुठला होऊच शकत नव्हता असं वाटावं. यातलं एकच जमलं तर काम अर्धवट.

गाण्यांसाठी एवढंच: गाण्याआधी आणि गाण्यानंतर पात्रांच्या नात्यात काही बदललं का? मध्यंतराचीही हीच कसोटी, तिथे नुसता धक्का आहे की नवा प्रश्न?

निकाल लिहिताना

पाचपैकी किती तारे, हे शेवटी ठरवा किंवा ठरवूच नका. अभिनयावर तीन वाक्यं, गोष्टीवर तीन वाक्यं लिहा आणि प्रत्येक वाक्याला एक मिनिट-क्रमांक जोडा. जोडता येत नसेल ते वाक्य खोडा. ‘विषय महत्त्वाचा आहे’ हे वाक्य गुणवत्तेच्या खाती लिहू नका. चांगल्या विषयावर ढिसाळ चित्रपट निघतात आणि त्यानं विषयाचंच नुकसान होतं. पात्र आवडलं नाही म्हणून नटाचे गुण कापू नका. त्यानं ते नावडतं व्हावं म्हणूनच जीव ओतलेला असू शकतो.

शक्य असेल तर तोच चित्रपट पाहिलेल्या आणखी एखाद्याला त्याची सहा वाक्यं स्वतंत्रपणे लिहायला सांगा आणि मग दोन्ही कागद शेजारी ठेवा. जिथे मतं फाटतील त्या मिनिटावर चित्रपट पुन्हा लावा, आधी आवाज बंद ठेवून.