जन्मतारीख एक दिवस मागे का जाते? वेब ॲपमध्ये तारीख-वेळ पाठवायची रीत

वेब ॲपमध्ये डेटा सहसा जेसन या मजकुरी रूपात ये-जा करतो. जेसनमध्ये तारखेसाठी वेगळा प्रकारच नाही, त्यामुळे ती कोणत्या रूपात पाठवायची हे फ्रंटएंड (ब्राउझरची बाजू) आणि बॅकएंड (सर्व्हरची बाजू) यांनी आधी ठरवावं लागतं. ‘सगळं यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवा, प्रश्न मिटला’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. उरलेल्या अर्ध्याने जन्मतारखा बिघडतात.

१. स्कीमातली (डेटाच्या आराखड्यातली) तारखेची फील्ड्स तीन गटांत लावा: घडून गेलेला क्षण, नुसती तारीख, पुढे ठरलेली वेळ.

२. क्षण (ऑर्डर पडली, पैसे जमा झाले) आयएसओ ८६०१ या तारीख-वेळ लिहिण्याच्या मानकाप्रमाणे यूटीसीत पाठवा, शेवटी झेड (‘ही वेळ यूटीसीतली’ ही खूण) हवाच.

३. नुसती तारीख. मला सगळ्यात जास्त छळलं ते इथेच, म्हणून नीट वाचा. पुण्यात बसून कुणी १५ ऑगस्ट १९९८ निवडली, की बरेच डेट पिकर (तारीख निवडायची कॅलेंडरं) त्या दिवशीच्या मध्यरात्रीचा डेट ऑब्जेक्ट, म्हणजे जावास्क्रिप्टमधली तारीख आणि वेळ एकत्र धरणारी वस्तू, हातात देतात. जेसन करताना जावास्क्रिप्ट ती वेळ यूटीसीत नेते. आपण साडेपाच तास पुढे, त्यामुळे बाहेर पडते १४ ऑगस्ट, १८:३०. सर्व्हरने वेळ छाटली की रेकॉर्डला १४ तारीख लागते आणि केवायसीत ती आधारशी जुळत नाही.

यावर साडेपाच तास मिळवायचा जुगाड कृपा करून करू नका. तोच फॉर्म सिंगापूरहून भरला तर तारीख पुन्हा १४च येते.

उलट्या दिशेचा घोळ तर पुण्यात दिसतच नाही. सर्व्हरकडून आलेली ‘१९९८-०८-१५’ थेट डेट ऑब्जेक्टला दिली, तर ती यूटीसीची मध्यरात्र धरली जाते. आपल्याकडे ती पहाटे साडेपाच, म्हणून तारीख बरोबर दिसते आणि टेस्टिंग पास होतं. न्यूयॉर्कच्या ग्राहकाला मात्र १४ दिसते.

उपाय एकच: नुसती तारीख वर्ष-महिना-दिवस अशा मजकुरातच फिरवा. एचटीएमएलचा साधा डेट इनपुट हाच मजकूर देतो. पिकरने ऑब्जेक्टच दिला तर त्यातून स्थानिक वर्ष, महिना, दिवस काढून मजकूर जुळवा; महिन्यात एक मिळवा, कारण तिथे जानेवारी शून्य असतो. जावात लोकलडेट, पायथनमध्ये डेट, डेटाबेसमध्ये डेट कॉलम. टाइमस्टँप (तारखेसोबत वेळही धरणाऱ्या) कॉलममध्ये जन्मतारीख कधीच नको.

४. पुढच्या मीटिंगसाठी स्थानिक वेळ आणि टाइम झोनचं नाव, दोन्ही साठवा. न्यूयॉर्कची सकाळी नऊची मीटिंग हिवाळ्यात पुण्यात संध्याकाळी साडेसातला येते, उन्हाळ्यात साडेसहाला. नुसता ‘यूटीसी उणे पाच तास’ साठवलात तर मार्चमध्ये घड्याळं पुढे सरकताच कॅलेंडर चुकतं.

५. मशीनचा टाइम झोन आधी सिंगापूर, मग न्यूयॉर्क करा. दोन्हीकडे तीच जन्मतारीख भरा, सेव्ह करा, पुन्हा उघडा. १५च दिसली पाहिजे.