एनएसएसच्या नव्या कार्यक्रम अधिकाऱ्याला कसे तयार करावे

राष्ट्रीय सेवा योजनेच्या एका एककात साधारणपणे १०० स्वयंसेवक असतात आणि प्रत्येकाकडून वर्षाला १२० तासांचे काम करून घेण्याची जबाबदारी ज्या कार्यक्रम अधिकाऱ्यावर येते, तो मुळात प्राध्यापक असतो. त्यामुळे त्याची नियुक्ती करतानाच प्राचार्यांनी त्याच्या तासिकांचे वेळापत्रक नव्याने पाहावे. नव्या कार्यक्रम अधिकाऱ्यांसाठीच्या उद्बोधन प्रशिक्षणाला त्याला शक्यतो स्वयंसेवकांच्या गावातील सात दिवसांच्या विशेष शिबिरापूर्वी पाठवावे. शिबिरानंतरचे प्रशिक्षण म्हणजे वरातीमागून घोडे.

प्रशिक्षणात नियम कळतात, परंतु सरपंचांशी बोलणी, मुक्कामाची सोय, पालकांची संमती आणि खर्चाच्या पावत्या या गोष्टी अनुभवी माणसाच्या सोबतीनेच अंगवळणी पडतात; म्हणून मावळत्या अधिकाऱ्याने निदान एक शिबिर त्याच्याबरोबर राहून करावे आणि गावातील संपर्क, जुनी अंदाजपत्रके व फसलेल्या बेतांची टिपणे त्याच्या स्वाधीन करावीत. (ही शेवटची टिपणे सहसा कोणी ठेवत नाही, आणि उपयोग मात्र त्यांचाच सर्वाधिक होतो.) हिशेबासाठी कार्यालयातील एक लिपिक नेमून द्यावा. जवळपासच्या महाविद्यालयांतील कार्यक्रम अधिकाऱ्यांनी दर दोन महिन्यांनी एकत्र बसावे; तेथे अहवालवाचन न करता प्रत्येकाने आपले एक अडलेले काम मांडावे.