जुनी पिकअप स्वस्तात उभी करताय? या चुका टाळा

दिवाळी झाली आणि द्राक्षाचा हंगाम जवळ आला की आमच्या तासगाव भागात कुणीतरी पोरगा जुनी पिकअप ओढत आणतो आणि विचारतो, "काका, लाखभरात दुरुस्त होऊन उभी होईल का?" होते की. मी स्वतः दोन उभ्या केल्यात, आधी टाटाची 207 आणि आता महिंद्राची बोलेरो पिकअप. पण पोरगा माझ्याकडे येतो तोवर लाखातले तीस-चाळीस हजार रंगात गेलेले असतात.

ही रंगाची घाई माझ्या डोक्यात जाते. माझ्याच भाच्याचं सांगतो. कवठेमहांकाळकडून बारा वर्षांची गाडी आणली. मला दाखवायच्या आधी नवा कलर मारला, हौद्याला चकचकीत पत्रा लावला, रेडियमच्या पट्ट्या चिकटवल्या, मागच्या फाळक्यावर 'आईची कृपा'. गाडी नवरीसारखी दिसत होती. मी पोतं अंथरून खाली शिरलो. चेसिसला जाड काळा थर मारलेला होता. मागच्या पाट्याचा, म्हणजे स्प्रिंगचा हँगर जिथे बसतो, तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवून जरा दाबला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं खताची पोती वाहिली होती. खत सांडायचं, वरून पाणी पडायचं आणि ते सगळं हौदा आणि चेसिसच्या मधल्या फटीत बसून लोखंड खायचं.

"मामा, रंगवाल्याने खालूनपण मारलाय म्हणून सांगितलं."

मारलाच होता की, कुजक्या लोखंडावर.

मग हौदा उतरवला, कुजका भाग कापला, आतून पट्टी देऊन वेल्डिंग केलं. वेल्डिंगच्या आचेने केबिनच्या मागचा नवा रंग फोडासारखा फुगला. रंगाचे 38 हजार गेले ते गेलेच, वर हौदा उतरवायची मजुरी वेगळी.

माझी सवय अशी: गाडी बघायला जाताना छोटी हातोडी आणि एक टाकाऊ स्क्रूड्रायव्हर खिशात. चेसिस ठोकत जायचं. चांगलं लोखंड टण्ण बोलतं, कुजलेलं ठप्प. खाली ताजा काळा थर दिसला की मी आधी तारेचा ब्रश मागतो. मालक नको म्हणाला तर चहा पिऊन घरी. आणि वेल्डिंगला गाडी लावली की बॅटरीची वायर सोडवून ठेवा, नाहीतर अल्टरनेटरचे, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचे, डायोड जातात. वेल्डर "काही होत नाही" म्हणतो, कारण अल्टरनेटर त्याचा नसतो. रंग? एक हंगाम गाडी चालवा, मग मारा.

सांगलीत गाडी घेताना अजून एक बघायचं. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये कृष्णेच्या पुरात बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून विकल्या गेल्यात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. वायरिंगचे कनेक्टर उघडा. पिना हिरव्या पडल्या असतील तर ती गाडी तुम्हाला आयुष्यभर इलेक्ट्रिशियनकडे पाठवेल.

आता थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाचं पाणी तापलं की ते रेडिएटरकडे सोडणारी झडप. ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जास्त बोलणार.

बोलेरो घेतली तेव्हा उन्हात जरा गरम व्हायची. मिस्त्री म्हणाला, "थर्मोस्टॅट काढून टाकू, आपल्या हवेत लागत नाही." काढला. तापमानाचा काटा खाली आला, मीही खूश. डिझेल जास्त जायला लागलं, सकाळी धूर वाढला, तरी मी दुर्लक्ष केलं. मार्चमध्ये पुण्याच्या मार्केट यार्डात द्राक्षं उतरवून रिकाम्या क्रेट घेऊन परत येताना खंबाटकी घाटात अर्ध्यावर काटा लालमध्ये. बाजूला घेतली. मागच्या ट्रकवाल्याने कॅन दिला आणि मी येड्यासारखं गार पाणी तापलेल्या इंजिनात ओतलं. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, वाकलं आणि त्याच्या खालचं गॅसकेट गेलं. डिपस्टिक काढली तर पाणी मिसळून ऑइलचा दुधाळ चहा झालेला.

खरं दुखणं रेडिएटरचं होतं. आधीच्या मालकाने सगळी वर्षं बोअरचं पाणी घातलेलं, निम्म्या नळ्या क्षाराने बंद. थर्मोस्टॅट काढल्यामुळे सपाट रस्त्यावर ते लपलं, घाटात उघडं पडलं. थर्मोस्टॅट 80-85 अंशांच्या आसपास उघडतो आणि इंजिनाला कामाच्या तापमानावर ठेवतो. काढला की इंजिन गारच राहतं, ऑइल नीट तापत नाही, झीज वाढते. काही इंजिनांत तर तो नसला की पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनातच फिरतं, म्हणजे उलट जास्त तापतं. हेड फेसिंग, गॅसकेट, ऑइल, टोइंग धरून मला 28 हजार पडले. थर्मोस्टॅट शंभरांच्या नोटांत येतो.

तपासायला मिस्त्री लागत नाही. दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडा, बुडाला टेकू देऊ नका, गॅस लावा. पाणी उकळायच्या आधी तो उघडताना डोळ्यांनी दिसतो. पातेलं चहाचं घेऊ नका, घरी आठ दिवस ऐकावं लागतं. रेडिएटर खोलून साफ करून घ्या आणि त्यात कूलंट घाला. इंजिन गार असताना झाकण काढून गाडी चालू करा. पाण्यात सारखे बुडबुडे येत असतील तर गॅसकेटवर संशय घ्या.

सेल्फ मंद मारतोय म्हणून लगेच नवी बॅटरी आणणारे बरेच आहेत. आधी इंजिन ते चेसिसची अर्थची पट्टी बघा. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावून सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर पट्टी काढून घासा.

ब्रेक ऑइलच्या जागी इंजिन ऑइल घालू नका. रबर फुगतात, ब्रेक धरून बसतात. "तात्पुरतं घातलंय" हे मी तीन वेळा ऐकलंय.

टायरवर नक्षी बघून भुलू नका. टायरच्या बाजूवर DOT कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे बघा. 2218 म्हणजे 2018 चा बाविसावा आठवडा.

कागद: चेसिस नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा आणि बोजा उतरलाय का ते बँकेच्या एनओसीवरून बघा, मालकाच्या शपथेवरून नाही. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस सर्टिफिकेट लागतं, तो खर्च धरा.

आणि नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जायचं नाही, पाच मिनिटांचं काम असलं तरी. मी बाभळीचे चार ठोकळे करून घेतलेत. सध्या भाचा घेऊन गेलाय, हंगामाआधी मागून आणायचेत.