एका रोहित्रावर अनेक सौरछते : दुपारचा वीजदाब कसा सांभाळावा

जानेवारीतल्या एका निरभ्र दुपारी, साडेबाराच्या सुमारास, नाशिकच्या गंगापूर रोड परिसरातील एका बंगल्यात जिन्याखाली बसवलेल्या सौर इन्व्हर्टरपाशी (छतावरच्या पॅनेलची वीज घरगुती विजेत बदलणाऱ्या यंत्रापाशी) मी मल्टीमीटर लावून उभा होतो. आकडा २४९, २५१, २५२ असा चढत गेला आणि २५३ ओलांडताच इन्व्हर्टरचा रिले खटकन सुटला. दाब लगेच सात-आठ व्होल्टने उतरला, काही मिनिटांनी इन्व्हर्टर पुन्हा जोडला गेला आणि आकडा पुन्हा चढू लागला. यंत्र बिघडले आहे, अशी घरमालकांची समजूत झाली होती. यंत्र मात्र नियमाप्रमाणेच वागत होते, कारण केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या जोडणीविषयक मानकांनुसार दाब २३० व्होल्टच्या ११० टक्क्यांवर, म्हणजे २५३ च्या वर गेला की इन्व्हर्टरने दोन सेकंदांच्या आत वेगळे व्हायचे असते. ज्या कॉलनीत एकाच रोहित्रावर (ट्रान्सफॉर्मरवर) तिसरे-चौथे सौरछत येऊ घातले आहे, तेथील रहिवाशांसाठी आणि ते बसवणाऱ्यांसाठी दुपारचा दाब आटोक्यात ठेवण्याची ही पद्धत लिहीत आहे.

आधी कारण समजून घ्यावे. आपल्याकडील वितरण रोहित्र ११ केव्हीचे (११ हजार व्होल्टचे) ४३३ व्होल्ट करते, आणि ४३३ ला तीनच्या वर्गमुळाने भागले की एका फेजला २५० व्होल्ट येतात. भार नसताना रोहित्रापाशी इतका दाब मुद्दाम ठेवलेला असतो, कारण तो तारेत उतरत जाऊन शेवटच्या घरी २३० च्या आसपास पोहोचावा, असा मूळ हिशेब आहे. सौरछतामुळे हा हिशेब उलटतो. दुपारी वीज घराकडून रोहित्राकडे वाहते, दाब घराच्या दिशेने चढत जातो, आणि मुळात तो २४५ च्या पुढे असेल तर चढायला जागा फारशी उरत नाही. नाशिकची थंडी त्यात भर घालते. पंखे आणि एसी बंद असतात, आकाश स्वच्छ असते, आणि पॅनेलचे तापमान एका अंशाने उतरले की उत्पादन साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी वाढते. चिंता मे महिन्याची केली जाते. खरी कसोटी जानेवारी-फेब्रुवारीत लागते.

म्हणून पहिली पायरी नोंदीची आहे. रोहित्राजवळचे एक घर आणि त्याच लाईनवरचे शेवटचे घर निवडून, रविवार धरून आठवडाभर सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळात दर पंधरा मिनिटांनी दाब टिपावा. जेथे इन्व्हर्टर आधीच बसलेला आहे तेथे त्याच्या ॲपमधला दाबाचा आलेखही उतरवून घ्यावा. त्यासोबत रोहित्राची क्षमता, त्यावरील सर्व सौरछतांचे किलोवॅट आणि प्रत्येक छत कोणत्या फेजवर आहे, याचा तक्ता करावा. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २०१९ च्या नियमांनी एका रोहित्रावरील सौरछतांची एकूण क्षमता सर्वसाधारणपणे रोहित्राच्या ७० टक्क्यांपर्यंत ठेवली आहे, म्हणजे २०० केव्हीएच्या रोहित्रावर सुमारे १४० किलोवॅट. मात्र २०२४ च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक व्यवहार्यतेचा अभ्यास लागत नाही. ग्राहकाच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे, परंतु त्यामुळे फेजवारीचा हा तक्ता रहिवाशांनीच ठेवणे अधिक गरजेचे झाले आहे, असे माझे ठाम मत आहे.

दुसरी पायरी म्हणजे दोष आपल्या केबलचा आहे की बाहेरच्या लाईनचा, हे वेगळे काढणे. भर दुपारी एकाच वेळी मीटरपाशी आणि इन्व्हर्टरपाशी दाब मोजावा. या दोन आकड्यांतला फरक आपल्या केबलचा असतो. वर सांगितलेल्या बंगल्यात मीटर फाटकापाशी होता आणि तेथून इन्व्हर्टरपर्यंत १० चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियम केबल ४० मीटर गेली होती. अशा केबलचा रोध किलोमीटरला सुमारे ३.०८ ओहम असतो. फेज आणि न्यूट्रल मिळून ८० मीटर धरले तर ०.२५ ओहम होतो, आणि ५ किलोवॅटच्या सुमारे २२ अँपिअरला एवढ्यातच ५.४ व्होल्ट चढतात. तीच केबल १६ चौरस मिलिमीटरची असती तर ३.३ व्होल्ट चढले असते. तेच ५ किलोवॅट थ्री-फेज इन्व्हर्टरने तिन्ही फेजवर समान वाटले, तर प्रत्येक फेजचा प्रवाह एक तृतीयांश होतो, न्यूट्रलमधला प्रवाह जवळजवळ नाहीसा होतो, आणि चढ मूळच्या एक षष्ठांशावर येतो. थ्री-फेज जोडणी असलेल्या घरात सिंगल-फेज इन्व्हर्टर घेऊन चार पैसे वाचवू नयेत.

तिसरी पायरी इन्व्हर्टरच्या सेटिंगची आहे, आणि चुका सर्वाधिक इथेच होतात. यंत्र वारंवार सुटते म्हणून काही जण दाबाची वरची मर्यादा २६० किंवा २६५ करून देतात. असे कधीही करू देऊ नये. त्याने शेजारच्या घरातील फ्रीज आणि टीव्हीला तो जास्तीचा दाब सोसावा लागतो, आणि संरक्षणाची सेटिंग वितरण कंपनीच्या संमतीशिवाय बदलायची नसते. त्याऐवजी इन्व्हर्टरमध्ये असलेल्या व्होल्ट-व्हार आणि व्होल्ट-वॅट या सोयी वितरण कंपनीच्या अभियंत्यांशी बोलून सुरू करून घ्याव्यात. व्होल्ट-व्हारमध्ये दाब वाढू लागला की इन्व्हर्टर रिॲक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करता तारेत ये-जा करणारी वीज) ओढून घेतो आणि त्याने दाब थोडा उतरतो. लघुदाबाच्या केबलमध्ये रोध जास्त आणि रिॲक्टन्स (रिॲक्टिव्ह पॉवर ज्याच्यामुळे दाब बदलू शकते तो गुण) कमी असल्याने याचा उपयोग मर्यादित असतो, शिवाय ५ केव्हीएचा इन्व्हर्टर ०.९ पॉवर फॅक्टरवर, म्हणजे क्षमतेचा ०.९ भागच प्रत्यक्ष कामाच्या विजेसाठी वापरताना, साडेचार किलोवॅटच देतो, हे धरून चालावे. व्होल्ट-वॅटचा उपाय अधिक खात्रीचा आहे. अमेरिकेच्या आयईईई १५४७ या मानकाच्या २०१८ च्या आवृत्तीतील मूळ सेटिंगप्रमाणे दाब १०६ टक्क्यांवर, म्हणजे सुमारे २४४ व्होल्टला पोहोचला की उत्पादन हळूहळू कमी होऊ लागते. पूर्ण बंद पडून दहा-दहा मिनिटांची वीज गमावण्यापेक्षा तासभर थोडी कमी वीज मिळणे परवडते.

चौथी पायरी सोपी आहे. भर दुपारची वीज रोहित्रापर्यंत जाऊच न देता जवळपासच वापरावी. सोसायटीचा साडेसात अश्वशक्तीचा पंप चालताना सुमारे साडेपाच किलोवॅट किंवा त्याहून थोडी अधिक वीज घेतो; खालच्या टाकीत पाणी साठलेले असेल, तर तो पहाटेऐवजी साडेबाराला लावावा. गीझर आणि विजेवरच्या गाड्यांचे चार्जिंगही टायमरने याच वेळेत आणता येते.

एवढे करूनही मीटरपाशीच दाब २४५ च्या वर राहत असेल, तर नोंदींचा तक्ता जोडून कंपनीच्या उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज करावा. रोहित्राला टॅपची (बाहेर पडणारा दाब पायरीपायरीने बदलण्याची) सोय असल्यास तो एक पायरी, म्हणजे अडीच टक्क्यांनी उतरवण्याची आणि एकाच फेजवर जमलेली घरे इतर फेजवर वाटण्याची विनंती करावी. टॅप वीज बंद करून कंपनीचे कर्मचारीच बदलतात. उतरवताना संध्याकाळी शेवटच्या घरी दाब फार पडणार नाही ना, हेही पाहावे लागते, म्हणून अर्जासोबत संध्याकाळी सात ते नऊच्या नोंदी जोडाव्यात.

नवा इन्व्हर्टर घेताना तो बाहेरून आदेश घेऊ शकतो का, हे विचारावे. मॉडबसची (यंत्रांनी एकमेकांशी माहिती आणि आदेशांची देवाणघेवाण करण्याच्या प्रमाणित पद्धतीची) सोय असली तर उत्तम. दक्षिण ऑस्ट्रेलियात २०२० पासून नव्या सौरछतांना दूरून बंद करता येणे बंधनकारक आहे.

बॅटरी किंवा जनरेटर असलेल्या ठिकाणी एक तपासणी टाळू नये. बाहेरची वीज गेल्यावर घरातली वीज लाईनवर जाता कामा नये, कारण खांबावर जनमित्र (वितरण कंपनीचा लाईनमन) काम करीत असतो. न्यूट्रलसह तुटणारा चेंजओव्हर (बाहेरची वीज आणि घरची वीज यांत बदल करणारा स्विच) बसवावा, आणि जोडणीच्या दिवशी मेन स्विच पाडून त्याच्या घराकडच्या टोकांवर दाब शून्य येतो का, हे अधिकृत तंत्रज्ञाकडून स्वतःसमोर मोजून घ्यावे.