मृग बरसला, मेंढा सोडायच्या आधी हे वाचा (जुळी कोकरं हवी असणाऱ्यांसाठी)

पुरंदर, बारामती, इंदापूर, शिरूर साईडला पहिला पाऊस झाला की माळ हिरवा व्हायला लागतो आणि मेंढ्या माजावर येतात, आत्ता भरल्या की पाच महिन्यांनी म्हणजे दिवाळीच्या मागंपुढं कोकरं. त्यामुळं सध्या जो तो विचारतोय, जुळी देणाऱ्या 'नारी सुवर्णा' जातीचा मेंढा आणू का?

आणा, पण आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनातल्या छोट्याशा गॅरोल मेंढीतलं जुळ्यांचं जनुक आपल्या दख्खनी मेंढीत आणलं, त्यातून ही जात झाली. आता जुळं होणार का नाही हे मेंढीच्या अंगातल्या जनुकावर ठरतं, मेंढ्यावर नाही. म्हणजे मेंढा आज आणला तर तुमच्या दख्खनी मेंढ्या यंदा एकेकच देणार, फरक दिसणार तो त्या मेंढ्याच्या लेकी व्यायल्यावर, दीड-दोन वर्षांनी. हे कुणी सांगत नाही आणि मग लोकं पहिल्याच वर्षी 'फसवलं' म्हणून चांगला मेंढा खाटकाला देतात, फार वाईट वाटतं बघून. म्हणून त्याच्या माद्या कोकरांच्या कानात बिल्ले मारा आणि त्या विकू नका.

दिवाळीनंतर कोकणात उतरणारा वाडा (मेंढरांचा फिरता कळप) असेल तर माझं स्पष्ट मत, दख्खनीच बरी. एवढ्या चालीत जुळ्यांना दूध पुरत नाही आणि घोड्यावर तरी किती कोकरं घालणार. घरी बांधून थोडा चारा-खुराक देणाऱ्यानं जुळ्यांच्या नादाला लागावं.

मेंढा सोडायच्या 15-20 दिवस आधीपासून मेंढीला रोज 200-250 ग्रॅम मक्याचा भरडा द्या, पण हळूहळू वाढवत, एकदम दिला तर पोट बिघडतं. 25-30 मेंढ्यांमागं एक मेंढा. माज 17 दिवसांनी परत येतो म्हणून मेंढा पाच आठवडे ठेवला की दोन संधी मिळतात, आणि कोकरंही एका टप्प्यात येतात, सांभाळायला सोपं.

जंताचं औषध मेंढा सोडायच्या आधीच पाजून घ्या. अल्बेंडाझोल भरलेल्या मेंढीला पहिल्या महिन्या-दीड महिन्यात अजिबात नको, गाभाला धोका असतो. पावसात अधूनमधून खालची पापणी ओढून बघत जा, लालऐवजी पांढरी दिसली तर जंत रक्त पितायत, डॉक्टरला दाखवा.

आंत्रविषाराची लस राहिली असेल तर आजच घ्या, कोवळं गवत भरपूर खाऊन धडधाकट कोकरू सकाळी मेलेलं सापडतं ते यानंच. पहिल्यांदाच टोचत असाल तर 15 दिवसांनी दुसरा डोस लागतोच. १९६२ वर फोन केला तरी जनावरांच्या डॉक्टरची मदत मिळते.

वाघरीची (रात्री मेंढ्या कोंडायच्या जाळीची) जागा उंचावर आणि कोरडी ठेवा, चिखलात खुरं सडतात. खुरं बुडवायला झिंक सल्फेटचं 10 टक्के पाणी करा. मोरचूद (यात तांबं असतं) वापरत असाल तर मेंढ्या ते पिणार नाहीत हे बघा, तांबं मेंढीला गाईपेक्षा लवकर बाधतं, आणि त्याच कारणानं गाईचं मिनरल मिक्श्चर मेंढीला घालू नका.

लोकरीला भाव नाही हे खरंय, तरी वर्षातून दोनदा कातरा, भिजलेल्या लोकरीत गोचीड आणि उवा लपून बसतात. काळी दख्खनी लोकर मात्र वेगळी साठवा, घोंगडीवाले आजही विचारत येतात.

गाभणपणाचा शेवटचा दीड महिना जुळ्याच्या मेंढीला खुराक कमी पडू देऊ नका. कळपातून बाजूला उभी राहते, खात नाही, दात खाते असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. व्यायली की नाळेला टिंक्चर आयोडीन लावा आणि पहिल्या तासात दोन्ही कोकरांना चीक पाजा, आणि जे बारीक आहे ते आधी लावा, नाहीतर दांडगं सगळा चीक पिऊन टाकतं.