जुने सोलर वॉटर हीटरचे पॅनल परत लावायचे की भंगारात द्यायचे, कसं ठरवाल?

जुने पॅनल हातात आले की बहुतेक जण आधी काच बघतात, काच धुरकट, फ्रेमचा रंग उडालेला, म्हणजे गेलं कामातून असं धरून चालतात. तसं करू नका. काच पुसता येते, बदलताही येते, खरा जीव आतल्या पाइपांत असतो.

काळ्या पत्र्याचा सपाट पॅनल असेल तर आत तांब्याचे बारीक उभे पाइप असतात, ते वर-खाली जाड आडव्या पाइपांना जोडलेले. जोडांवर हिरवट डाग दिसले की समजायचं तिथे थेंब थेंब गळत होतं. पाणी भरून सगळी हवा काढा, बाकी तोंडं बंद करून नळाच्या प्रेशरवर तासभर ठेवा, सावलीत. एखादा जोड गळला तर ब्रेझिंग (ज्योतीने धातू वितळवून जोड भरणं) करून घ्या, पण पाइपच मधे फुगलेत किंवा चिरलेत (आत पाणी गोठलं की असं होतं) आणि असे तीन-चार असले तर सरळ भंगारात द्या, तांब्याचे पैसे तरी येतील.

मग काच काढून खालून हळूहळू गरम पाणी सोडा आणि एकेका पाइपला हात लावत जा. बाकीचे तापले आणि एखादा थंडच राहिला तर तो क्षारांनी चोंदलाय. सायट्रिक ॲसिडचं पाणी काही तास भरून ठेवलं की बरेचदा मोकळा होतो, नंतर भरपूर साध्या पाण्याने धुवा. काळा पत्रा पाइपला घट्ट चिकटलेला आहे ना हेही बघा, हलत असेल तर ऊन लागून पत्रा तापेल पण पाणी काही तापणार नाही.

काचेच्या ट्यूबवाला असेल तर काम सोपं. ट्यूबच्या बंद टोकाला चंदेरी रंग आहे म्हणजे व्हॅक्युम (दोन काचांमधली हवा काढलेली पोकळी) शाबूत, पांढरा पडलाय म्हणजे गेला, तेवढीच ट्यूब बदलायची. रबर रिंग मात्र सगळ्या नव्याच घ्या. आणि उन्हात तापलेल्या रिकाम्या ट्यूबमध्ये गार पाणी कधीही ओतू नका, तडकते, पाणी सकाळी ऊन यायच्या आत भरायचं.

पाणी किती तापायला पाहिजे? भर दुपारच्या कडक उन्हात 1 चौरस मीटरवर साधारण 1000 वॉट पडतात, 2 चौरस मीटरच्या पॅनलने निम्मे जरी पकडले तरी 100 लिटर पाणी तासाभरात 8-9 डिग्रीने चढतं. दोन-तीनच डिग्री चढत असेल तर मेहनत वाया जाणार.

टाकीच्या बाबतीत मी कडक आहे. आतून गंज आला असेल किंवा बाहेरचं इन्सुलेशन ओलं झालं असेल तर पॅनल ठेवा आणि टाकी नवीन घ्या. बिनपंपाच्या सिस्टीममध्ये टाकीचा तळ पॅनलच्या वरच्या कडेपेक्षा फूटभर उंच लागतो, आणि 200 लिटरची टाकी म्हणजे नुसत्या पाण्याचंच 200 किलो वजन, स्लॅब तेवढं पेलतो का हे जाणकाराला आधी विचारा, स्टँड नंतर बनवा.